डाग किती आहेत यापेक्षा डाग कसा वागतोय ते बघा

कोथरूडहून एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: ऑगस्ट २०२४ मध्ये सौरडागांच्या संख्येची मासिक सरासरी २०० च्या वर गेली. सूर्याच्या या अकरा वर्षांच्या चक्रातला तो सगळ्यांत डागाळलेला महिना. पण चक्रातली आतापर्यंतची सगळ्यांत मोठी सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा ऊर्जेचा अचानक स्फोट, आली ३ ऑक्टोबरला, डाग कमी झाल्यावर. मग डागांचा आणि ज्वालांचा नेमका संबंध काय? आणि गच्चीवरच्या लहान दुर्बिणीतून रोज डागांची चित्रं काढणाऱ्याला ज्वालेची चाहूल लागू शकते का?

संबंध आहे, आणि अगदी जवळचा आहे. मोठ्या ज्वाला जवळजवळ नेहमी डागांच्या गटांवरच होतात. फक्त डागांची संख्या त्या बाबतीत फारसं सांगत नाही. खरं महत्त्व दोन गोष्टींना: एकाच गटात विरुद्ध ध्रुवांचे डाग एकमेकांच्या किती अंगावर आलेत, आणि तो गट किती वेगाने बदलतोय. मी दोन सौरचक्रांहून अधिक काळ पुण्यातून डागांची चित्रं काढतो आहे, शिवाय हॅम, म्हणजे हौशी रेडिओवर असल्यामुळे ज्वालांचे परिणाम कानांनीही ऐकतो. चाहूल लागते का, तर हो, बऱ्याचदा लागते. पण ती शक्यतेच्या भाषेत, दिवस आणि तास सांगण्याइतकी नाही.

आधी संख्येचा गोंधळ सोडवू. तुम्ही ज्या आकड्याबद्दल बोलताय तो डाग एकेक करून मोजून येत नाही. स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ वुल्फने १८४९ च्या सुमारास बसवलेल्या सूत्रात प्रत्येक गटाला १० गुण आणि प्रत्येक डागाला १ गुण मिळतो, मग निरीक्षकाच्या दुर्बिणीनुसार एका गुणकाने ते दुरुस्त करतात. आता दोन दिवस डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दिवशी सूर्यावर दहा छोटे गट आहेत, प्रत्येकात दोन डाग. गुण झाले १२०. दुसऱ्या दिवशी एकच गट आहे, पण त्यात चाळीस डागांचा नुसता गुंता. गुण फक्त ५०. एक्स वर्गाची, म्हणजे सगळ्यांत वरच्या वर्गाची, ज्वाला होण्याची भीती मला विचाराल तर दुसऱ्या दिवशी कितीतरी पट जास्त. हा आकडा सूर्याची सर्वसाधारण सक्रियता सांगायला उत्तम आहे, अकरा वर्षांचं चक्र त्यातून स्वच्छ दिसतं, वर्षाचा हिशेब केला तर डाग जास्त त्या वर्षी ज्वालाही जास्त. पण रोजच्या पातळीवर तो तुम्हाला चकवतो.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण पुणेकरांना तारखेनिशी लक्षात राहील. २०१७ साली अनंत चतुर्दशी होती ५ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबरला, आपल्या वेळेनुसार दुपारी पावणेतीनच्या आत एक एक्स २.२ ज्वाला झाली आणि संध्याकाळी साडेपाचला एक्स ९.३. चोविसाव्या चक्रातली ती सर्वांत मोठी ज्वाला. चक्राचा कमाल काळ २०१४ मध्येच होऊन गेला होता, आणि सप्टेंबर २०१७ ची डागसंख्येची मासिक सरासरी ५० सुद्धा नव्हती. सूर्य शांत होत चालला होता, आणि त्या शांततेत एका गटाने हे केलं. हा गट, क्रमांक १२६७३, ऑगस्टच्या शेवटी पूर्व कडेवरून आला तेव्हा एकच गोल, निरुपद्रवी डाग होता. २ सप्टेंबरपर्यंत त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नसतं. ३ तारखेला त्याच्या शेजारी खालून नवं चुंबकीय क्षेत्र वर यायला लागलं, ते इतक्या वेगाने की तसा वेग फार क्वचित नोंदला गेला आहे. तीन दिवसांत साध्या डागाचा गुंता झाला आणि चौथ्या दिवशी ज्वाला. त्याने पश्चिम कडेशी पोहोचल्यावर १० तारखेला पुन्हा एक्स ८.२ ची ज्वाला दिली.

हे का घडतं ते समजण्यासाठी डाग म्हणजे काय इथपासून दोन वाक्यं पुरे. सूर्याच्या पोटातून चुंबकीय क्षेत्राची जाडजूड वेटोळी वर येतात आणि दीप्तिगोल, म्हणजे सूर्याचा आपल्याला दिसणारा पृष्ठभाग, फोडून बाहेर पडतात. जिथे ती पृष्ठभाग छेदतात तिथे क्षेत्र २००० ते ४००० गॉसपर्यंत पोहोचतं. तुलनेसाठी, पुण्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आहे ०.४ गॉसच्या आसपास. एवढं बलवान क्षेत्र खालून येणाऱ्या उष्ण वायूचं वर-खाली खेळणं रोखतं, म्हणून ती जागा भोवतालच्या सुमारे ५८०० केल्विनपेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड राहते आणि काळी दिसते. डागांमध्ये चुंबकत्व आहे हे जॉर्ज एलरी हेलने अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून १९०८ मध्ये दाखवलं. प्रत्येक वेटोळं एका जागी बाहेर येतं आणि दुसऱ्या जागी आत जातं, म्हणून डाग बहुतेक जोडीने असतात, एक उत्तर ध्रुवाचा आणि एक दक्षिण ध्रुवाचा.

आता मुद्दा असा की ज्वालेची ऊर्जा त्या काळ्या डागात नसते. ती असते डागांच्या वर, करोनामध्ये, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणात, पसरलेल्या चुंबकीय क्षेत्रात. डाग म्हणजे त्या वेटोळ्यांचे पाय. पाय जागच्या जागी राहिले आणि एकमेकांपासून लांब राहिले, तर वरचं क्षेत्र सैल, आरामात पसरलेलं असतं. अशा क्षेत्रातून काढण्यासारखी ऊर्जा फारशी नसते. पण पाय सरकले, एक डाग दुसऱ्याला घासून पुढे गेला, डाग स्वतःभोवती फिरला, किंवा दोघांच्या मध्ये नवीन विरुद्ध ध्रुव खालून घुसला, की वरच्या क्षेत्राला पीळ पडत जातो. हा पीळ हीच साठवलेली ऊर्जा. आपल्याकडे म्हणतात सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ज्वालेत बरोबर उलटं होतं. पीळ जातो आणि सुंभ तसाच राहतो. ज्वालेनंतर दुर्बिणीला डोळा लावला तर डाग बहुतांशी तिथेच दिसतात, आणि नवखा निरीक्षक चक्रावतो की एवढा स्फोट झाला तर डाग फुटला कसा नाही. बारकाईने मोजणाऱ्या उपकरणांना मात्र फरक दिसतो: गटाच्या बाहेरच्या बाजूचा पेनंब्रा, म्हणजे डागाभोवतीची फिकट झालर, काही वेळा विरळ होतो आणि दोन ध्रुवांच्या सीमेजवळचा भाग गडद होतो.

पीळ सुटतो तो रेषांच्या पुनर्जोडणीमुळे. विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या चुंबकीय रेषा करोनात फार जवळ आल्या की तुटून नव्याने जोडल्या जातात आणि सरळसोट, कमी ऊर्जेच्या मांडणीत बसतात. उरलेली ऊर्जा वायू तापवण्यात, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन वेगाने फेकण्यात जाते. मोठ्या ज्वालेत एकूण १०²⁵ जूलच्या घरात ऊर्जा सुटते आणि वायूचं तापमान एक-दोन कोटी अंशांपर्यंत चढतं. आकडा भीतिदायक वाटतो, पण सूर्य दर सेकंदाला ३.८ × १०²⁶ जूल ऊर्जा बाहेर टाकत असतो. म्हणजे सगळ्यांत मोठ्या ज्वालाही सूर्याच्या सेकंदाच्या छोट्याशा अंशाएवढ्याच. म्हणूनच साध्या पांढऱ्या प्रकाशात ज्वाला दिसत नाही. ती दिसते हायड्रोजन-अल्फाच्या लाल रेषेत, अतिनील प्रकाशात आणि क्ष-किरणांत. पांढऱ्या प्रकाशात दिसण्याइतकी प्रखर ज्वाला विरळाच. रिचर्ड कॅरिंग्टनने १ सप्टेंबर १८५९ रोजी पाहिली ती तशी होती, मोठ्या डागांच्या गटावर चमकलेले दोन पांढरे ठिपके, जेमतेम पाच मिनिटं. रिचर्ड हॉजसननेही स्वतंत्रपणे ती पाहिली. पुढे सुमारे साडेसतरा तासांनी भूचुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, आणि त्याची सगळ्यांत मोलाची नोंद आपल्या शेजारी झाली: मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला. त्या वादळाची तीव्रता किती होती याचा आजचा हिशेब बऱ्याच अंशी कुलाब्याच्या त्या कागदांवर उभा आहे.

आता गटांचं वर्गीकरण, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. माउंट विल्सनची पद्धत ध्रुवांवर आधारित आहे. एकाच ध्रुवाचा डाग असेल तर अल्फा. दोन ध्रुव, मध्ये स्वच्छ सीमा, तर बीटा. सूर्यावरचे बहुतेक गट या दोहोंत मोडतात आणि त्यांच्याकडून क्वचितच काही मोठं घडतं. ध्रुव इतके मिसळलेले की एक रेघ मारून वेगळे करता येत नाहीत, तर बीटा-गॅमा. आणि खरी धोक्याची खूण म्हणजे डेल्टा: एकाच पेनंब्राच्या आत विरुद्ध ध्रुवांचे दोन अंब्रा, म्हणजे डागांचे काळे गाभे. हा वर्ग जर्मनीच्या क्युन्झेलने १९६० मध्ये जोडला. विरुद्ध ध्रुव एका पेनंब्रात कोंबले जातात तेव्हा त्यांच्या मधली सीमारेषा अतिशय तीव्र असते, आणि तिच्यावरचं क्षेत्र सीमा ओलांडून जाण्याऐवजी सीमेलगत आडवं वाहायला लागतं. हा आडवेपणा म्हणजेच पीळ पडल्याची साक्ष.

आकाराचंही वजन आहे, पण ते डेल्टासोबत. डागांचं क्षेत्रफळ सूर्याच्या दृश्य गोलार्धाच्या दशलक्षांशांत मोजतात. असा एक दशलक्षांश म्हणजे सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर, आपल्या भारताच्या क्षेत्रफळाहून थोडा कमी. सॅमिस, टँग आणि झिरिन यांनी १९८९ ते १९९७ मधल्या गटांचा हिशेब करून २००० साली दाखवलं की १००० दशलक्षांशांहून मोठा आणि बीटा-गॅमा-डेल्टा असलेला गट एक्स १ किंवा त्याहून मोठी ज्वाला देण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या जवळ असते. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. एवढा मोठा, एवढा गुंतागुंतीचा गट असूनही निम्म्याहून अधिक वेळा एक्स वर्गाची ज्वाला होतच नाही.

ज्वालेचे वर्ग ए, बी, सी, एम, एक्स. पृथ्वीजवळच्या उपग्रहांना मिळणाऱ्या मृदू क्ष-किरणांच्या कमाल तीव्रतेवरून ते ठरतात आणि प्रत्येक अक्षराला दहापट वाढ. एक्स १ म्हणजे प्रति चौरस मीटर वॉटचा दहा हजारावा भाग. एक्सच्या पुढे अक्षर नाही, आकडाच वाढत जातो. ४ नोव्हेंबर २००३ च्या ज्वालेत उपग्रहाचा मापक तृप्त होऊन थांबला, आणि नंतर तिचा अंदाज एक्स २८ असा बांधला गेला. नवनव्या अभ्यासांत तो आणखी वर नेला आहे.

मोठ्या डागाने ज्वाला देऊनही वादळ न आणण्याचं एक सुंदर उदाहरण आहे. २०१४ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी म्हणजे २३ ऑक्टोबरला, १२१९२ हा गट सूर्याच्या मध्यावर होता. १९९० नंतर एवढा मोठा गट दिसला नव्हता, २७०० दशलक्षांशांच्या आसपास, ग्रहणाच्या गॉगलमधून नुसत्या डोळ्यांना ठसठशीत दिसणारा. दहा दिवसांत त्याने सहा एक्स ज्वाला दिल्या, त्यातली २४ ऑक्टोबरची एक्स ३.१. पण त्यातल्या एकीसोबतही द्रव्याचा मोठा लोट, ज्याला सीएमई म्हणतात, बाहेर पडला नाही, आणि पृथ्वीवर भूचुंबकीय वादळ आलं नाही. गटाच्या वर जे चुंबकीय क्षेत्र कमानीसारखं पसरलं होतं ते इतकं भक्कम होतं की खाली सुटलेल्या पिळाला बाहेर जाऊ दिलं नाही. पेपरांतून ज्वाला आणि सौरवादळ एकच असल्यासारखे छापले जातात, ते मला खटकतं, कारण ही दोन वेगवेगळी माणसं आहेत. कधी जोडीने येतात, कधी एकटी. ज्वालेचा प्रकाश पृथ्वीवर ८ मिनिटं २० सेकंदांत पोहोचतो. सीएमई आलाच तर त्याला पंधरा-अठरा तासांपासून तीन-चार दिवसांपर्यंत वेळ लागतो.

याउलट मे २०२४ चा १३६६४. महिन्याच्या सुरुवातीला त्यात फारसं बघण्यासारखं नव्हतं. मग काही दिवसांत नवं क्षेत्र वर आलं, शेजारच्या १३६६८ शी तो मिसळला, आणि दोघांचा मिळून २००० दशलक्षांशांहून मोठा डेल्टा गट झाला. ज्वालांमागून ज्वाला, आणि त्यांच्यासोबत निघालेले लोट एकमेकांच्या पाठोपाठ पृथ्वीवर. १० आणि ११ मेच्या रात्री जे वादळ झालं ते २००३ च्या ऑक्टोबरनंतरचं पहिलं जी-५, म्हणजे सगळ्यांत वरच्या दर्जाचं वादळ. लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतून आकाश लालसर दिसलं. पश्चिम कडेआड जाता जाता १४ मे रोजी याच गटाने एक्स ८.७ ची ज्वाला दिली; पुण्यात तेव्हा रात्रीचे सव्वादहा वाजून गेले होते, त्यामुळे आपल्या बाजूला रेडिओवर त्याचा काहीच परिणाम नव्हता.

हा रात्र-दिवसाचा मुद्दा पुण्यातल्या हॅम मंडळींना चांगला ठाऊक आहे. ज्वालेचे क्ष-किरण पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूवरच पडतात आणि जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा डी-थर, म्हणजे वातावरणातला विद्युतभारित थर, एकदम दाट करतात. तो थर लघुलहरी शोषून घेतो. ४० मीटरच्या बँडवर बोलणं चालू असताना समोरचा माणूस एकेक शब्दाने विरत जातो आणि मग नुसती शांतता. रिग, म्हणजे रेडिओचा संच, बिघडला म्हणून नवखे लोक केबल हलवून बघायला लागतात. २० मीटरवर परिणाम कमी आणि लवकर ओसरतो, ४० मीटर उशिरा परत येतो. सूर्य डोक्यावर असेल तिथे शोषण सर्वाधिक. ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स ९.० ज्वाला आपल्या वेळेप्रमाणे ५ वाजून ४८ मिनिटांनी शिखरावर होती, पुण्यात सूर्य मावळतीला अर्धा तास उरलेला. तिचा खरा भर पश्चिम आफ्रिका आणि अटलांटिकवर पडला. हीच ज्वाला आपल्याकडे दुपारी साडेबाराला झाली असती तर इथल्या बँडांचं चित्र पार वेगळं दिसलं असतं.

पुण्याचा सूर्याशी संबंध जुना आहे, आणि डागांच्या अभ्यासात रस असलेल्याला तो माहीत असायला हवा. सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी जेऊरला मोहीम घेऊन गेले होते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणं, २० इंची दुर्बिणीसह, कोडाईकनालला गेली. कोडाईकनालला १९०४ पासून रोज सूर्याची छायाचित्रं घेतली जात होती, आणि जॉन एव्हरशेडने १९०९ मध्ये पेनंब्रातून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे तिथेच शोधलं. इतक्या लांब पल्ल्याची डागांची नोंद जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

आणि आता आयुका, पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ ला सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या एल-१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलं. त्यावरची सूट ही दुर्बीण आयुकामध्ये इस्रोच्या सहकार्याने घडली. ती २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निकट अतिनील प्रकाशात पूर्ण सूर्यबिंब बघते. तिला २२ फेब्रुवारी २०२४ ला एक्स ६.३ ज्वाला सापडली, १३५९० या गटावर. ही तारीख जागतिक वेळेची; पुण्यात तेव्हा २३ तारखेच्या पहाटेचे चार वाजले होते, सूर्य आपल्या पायाखाली होता. या पट्ट्यात एवढ्या बारकाईने पूर्ण बिंबावर ज्वाला बघण्याची सोय आधी नव्हती. महत्त्व असं, की ज्वालेची ऊर्जा वर करोनात सुटते, पण तिचा झटका खाली डागांच्या थरापर्यंत पोहोचतो. तो खालचा भाग कसा उजळतो हे सूट दाखवते. डाग खालून पीळ देतो आणि ज्वाला वरून परत डागावर आपटते. हे दुतर्फी नातं आपल्या शहरातल्या उपकरणातून उलगडतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

आता तुमच्या गच्चीवर येऊ. सुरक्षेचं एकदा सांगतो, कारण यात तडजोड नाही: दुर्बिणीच्या पुढच्या बाजूला सौरफिल्म, किंवा कागदावर प्रतिमा पाडणं. ग्रहणाचा गॉगल घालून दुर्बिणीत बघायचं नाही, कधीच नाही. दुर्बिणीने एकवटलेली उष्णता तो गॉगल क्षणात जाळते. डोळ्याची ही जखम भरून येणारी नाही, गेलेली दृष्टी परत येत नाही.

वेळ सकाळची धरा, सूर्य पंचवीस-तीस अंश वर आल्यावर लगेच. गच्चीचा काँक्रीट एकदा तापला की हवा थरथरते आणि पेनंब्राचे तंतू धुऊन जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यात उत्तम. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर नोंदीत भोकं पडणारच. ती भरायला उदयपूरच्या वेधशाळेची हायड्रोजन-अल्फातली चित्रं आणि नासाच्या एसडीओ यानाची चुंबकीय चित्रं रोज बघता येतात. चुंबकीय चित्रात पांढरा म्हणजे एक ध्रुव, काळा म्हणजे दुसरा. आधी आपलं चित्र पूर्ण काढा, आणि मगच ते उघडा. उलट क्रमाने केलं तर डोळा शिकत नाही.

चित्रात काय शोधायचं? गटाच्या मध्यभागी बघा, टोकांना बघू नका. बहुतेक गटांत पुढचा मोठा डाग आणि मागची पिलावळ यांच्यामध्ये मोकळी जागा असते. ती जागा भरू लागली, तिथे नवे अंब्रा उगवू लागले, की पेन्सिल टोकदार करा. एकाच पेनंब्रात अनेक अंब्रा दाटीने बसलेले दिसले तर डेल्टाचा संशय घ्या आणि चुंबकीय चित्रातून खात्री करा. सगळ्यांत सूक्ष्म आणि माझ्या मते सगळ्यांत विश्वासाची खूण पेनंब्राच्या तंतूंत असते. निरोगी डागात ते अंब्रापासून बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारखे जातात. दोन अंब्रांच्या मध्ये ते सीमेला समांतर, वाकडे वाहत असतील तर क्षेत्र ताणलं गेलं आहे. हे दिसायला १०० मिलिमीटरची दुर्बीण आणि शांत हवा लागते. अंब्राला चिरणारा उजळ पट्टा, प्रकाशसेतू, मात्र ज्वालेची खूण समजू नका. तो बऱ्याचदा डाग मोडत असल्याचं लक्षण असतो आणि मोडणारे डाग सहसा शांत होत जातात.

त्यानंतर वेग. एका दिवसाच्या चित्रातून तुम्हाला गट किती मोठा ते कळेल, पण तो कुठे चाललाय ते लागोपाठच्या तीन चित्रांतून कळेल. क्षेत्रफळ एका दिवसात दुप्पट होणं, दोन डागांमधलं अंतर रोज कमी होणं, एखादा डाग स्वतःभोवती फिरल्यासारखा त्याच्या पेनंब्राची ठेवण रोज वळत जाणं, या गोष्टी मी चित्राच्या कडेला लाल पेन्सिलने लिहितो. डिसेंबर २००६ मध्ये १०९३० या गटात असाच एक डाग फिरत होता, आणि १३ डिसेंबरला त्या गटाने एक्स ३.४ ची ज्वाला दिली. तोही काळ चक्राच्या अगदी उताराचा होता. याउलट जुना, मोठा, गोल, एकलकोंडा डाग कितीही देखणा दिसला तरी त्याच्याकडून काही होत नाही. असे डाग पाहून लोक उत्साहाने मला फोटो पाठवतात; फोटो छान असतो आणि ज्वालेची शक्यता नगण्य.

आणखी एक खूण पुस्तकांत कमी लिहिली जाते, पण अंदाज वर्तवणारे सगळे तिच्यावर भिस्त ठेवतात: गटाने काल काय केलं. ज्या गटाने गेल्या चोवीस तासांत एम वर्गाच्या दोन-चार ज्वाला दिल्यात तो आजही देण्याची शक्यता इतरांहून खूप जास्त. ज्या मोठ्या डेल्टा गटाने आठवडाभर तोंड उघडलं नाही, त्याच्याबद्दल मी सावध राहतो, पण त्याला घाबरत नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेचं रोजचं पत्रक प्रत्येक गटाला एम आणि एक्स ज्वालेची टक्केवारी देतं. त्यात एक्ससाठी ३० टक्के दिसले तर तो गंभीर आकडा आहे, आणि दहापैकी सात वेळा त्या दिवशी काही होत नाही हेही त्याच आकड्यात आहे. अमुक तारखेला सूर्य फुटणार असे जे मेसेज फिरतात त्यांना या शास्त्रात आधार नाही. मोबाइल बंद करून लांब ठेवायचे सल्लेही तसेच. ज्वालेचा त्रास लघुलहरींच्या संदेशवहनाला, विमानांच्या रेडिओला, जीपीएसच्या अचूकतेला आणि अवकाशातल्या उपग्रहांना होतो. घरातल्या फोनला नाही.

डाग नसतानाही ज्वाला होते का, हेही कुणीतरी विचारेलच. होते, पण छोटी. शांत भागावर अडकून पडलेला वायूचा लांब तंतू सुटतो आणि त्याखाली रुंद, मंद पट्टे उजळतात. सीएमई मात्र अशा घटनेतून चांगला मोठा निघू शकतो, म्हणून सूर्यबिंब कोरं असलं तरी हायड्रोजन-अल्फातली चित्रं बघायची सवय सोडू नका.

आपण सध्या पंचविसाव्या चक्राच्या उतरणीत आहोत. कमाल ऑक्टोबर २०२४ च्या आसपास होऊन गेली, त्या वेळची गुळगुळीत केलेली, म्हणजे महिन्यामहिन्याचे चढउतार काढून टाकलेली, डागसंख्या सुमारे १६१. पुढच्या काही वर्षांत तुमच्या वहीत कोरी पानं वाढतील. वही बंद करू नका. २००३, २००६ आणि २०१७, तिन्ही वेळा मोठ्या ज्वाला उतरणीत आल्या, आणि तिन्ही वेळा त्या थोड्याच गटांमधून. डाग सूर्यबिंब ओलांडायला साधारण तेरा-चौदा दिवस घेतो, म्हणजे पूर्व कडेवर दिसलेल्या प्रत्येक गटाचं तुम्हाला जास्तीत जास्त पंधरवड्याचं चरित्र मिळतं. प्रत्येक गटाला वहीत स्वतंत्र पान द्या, वर त्याचा क्रमांक, खाली रोजचं चित्र, क्षेत्रफळ, चुंबकीय वर्ग आणि त्या चोवीस तासांतल्या ज्वाला. सी वर्गाच्याही लिहा. पाच-सहा गटांची अशी पानं झाली की ती मला दाखवा. कुठल्या गटाबद्दल तुम्ही ज्वालेचा अंदाज केला होता आणि का, हेही त्याच दिवशी, ज्वाला व्हायच्या आधी, शाईने लिहिलेलं असू द्या.